जबरी चोरीच्या केसमध्ये घरच्या पोराचं नाव आलं तर पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

पुण्यात कोयता दाखवून मोबाईल काढून घेणं, सकाळी फिरायला निघालेल्या काकूंची साखळी ओढणं, हायवेला ट्रक अडवून ड्रायव्हरला लुटणं, असल्या केसेस शिवाजीनगर कोर्टात सतत रिमांडला येत असतात. आणि कोर्टरूमच्या बाहेर आई किंवा मोठा भाऊ उभा असतो, हातात पोराचं आधारकार्ड, आणि त्याला कुठल्या कलमात धरलंय हे त्यांना कुणी धड सांगितलेलंच नसतं. मी तिथे क्रिमिनल साइडला काम करतो, हे त्या लोकांसाठी लिहितोय. ज्याला लुटलं त्याचं नुकसान खरं आहे, त्याची भीती पण खरी आहे, त्याला न्याय मिळालाच पाहिजे. पण पकडलेला माणूस तोच आहे का आणि त्याने नेमकं काय केलं हे कोर्टात ठरायचंय, आणि तिथपर्यंत त्याची बाजू नीट मांडली जाणं हा त्याचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. अशा केसमध्ये शिक्षा तीन वर्षांची होणार का दहा वर्षांची का कमीत कमी सात वर्षांची, हे फिर्यादीतल्या दोनतीन वाक्यांवर आणि सुरुवातीच्या काही दिवसांत तुम्ही काय जपून ठेवलं त्यावर फार अवलंबून असतं. पण घरचे लोक त्याच दिवसांत ओळखी काढत फिरतात, कुणी नगरसेवकाकडे जातो, कुणी साहेबांच्या ड्रायव्हरकडे. त्यात वेळ जातो, पैसे जातात, आणि फिर्याद कुणीच वाचलेली नसते.

उचललं कळल्यावर

पहिलं शोधा नेलंय कुठं. पुण्यात हे वाटतं तितकं सोपं नाही कारण पोलीस स्टेशन वेगळं आणि उचलणारं पथक वेगळं असू शकतं, गुन्हे शाखेचं युनिट असेल, दरोडा विरोधी पथक असेल, आणि हिंजवडी, वाकड, चाकण साइडला असाल तर ते पिंपरी चिंचवड आयुक्तालय, २०१८ पासून ते वेगळं झालंय, आणि त्याच्याही बाहेर गेलात तर पुणे ग्रामीणची एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा. ११२ ला फोन करा, जवळच्या ठाण्यात जाऊन विचारा. नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे (खाली नुसत्या कंसात दिलेली कलमं याच कायद्याची), प्रत्येक ठाण्यात अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचा प्रकार याची माहिती ठेवायला एक अधिकारी नेमलेला असतो, त्यामुळे "आम्हाला माहीत नाही" एवढ्यावर परत फिरू नका. शांतपणे विचारा, आवाज चढवू नका, पण विचारत राहा.

अटक केली असेल तर नातेवाईकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम ४८). अटकेची कारणं आरोपीला लेखी आणि त्याला समजेल त्या भाषेत द्यायची असतात, सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये विहान कुमार आणि नंतर मिहिर शाह या दोन निकालांत हे पक्कं केलंय, दुसरी केस तर मुंबईचीच होती. रिमांडला उभं करायच्या किमान दोन तास आधी तो कागद हातात पडला पाहिजे. वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा की असा कागद दिलाय का, कधी दिला, कुठल्या भाषेत दिला. बिहारहून चाकणला कामाला आलेल्या पोराला मराठीत टाइप केलेला कागद देऊन त्याची सही घेतली तर तो मुद्दा होतो.

२४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं असतं, प्रवासाचा वेळ सोडून. इथे एक काम घरच्यांनीच करायचं आणि लगेच करायचं. पोराला कधी उचललं, कुठून उचललं, गाडी कोणती होती, कोणी बघितलं, हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा. समोरच्या मेडिकलचा किंवा सोसायटीचा सीसीटीव्ही असेल तर दुकानदाराला विनंती करून त्या वेळेचं फुटेज मागा, कारण बहुतेक ठिकाणी थोड्या दिवसांत जुन्यावर नवीन रेकॉर्ड होतं आणि मग कुणीही काही करू शकत नाही. कागदावर अटक रात्री नऊची आणि प्रत्यक्षात दुपारी बाराला नेलंय, असं असेल तर ते दाखवायला दुसरा पुरावा सहसा नसतोच. पोलीस स्टेशनमध्येही कॅमेरे असतात आणि २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार ते रेकॉर्डिंग १८ महिने, निदान वर्षभर तरी, ठेवायचं असतं, ते जपून ठेवावं असा अर्ज वकिलाला कोर्टात द्यायला सांगा.

चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही पण भेटता येतं (कलम ३८). पोराशी दोन मिनिटं बोलायला मिळालंच तर एवढंच सांगा: खोटं काही बोलू नकोस, मार पडला असेल तर जजसमोर सांग, कोऱ्या कागदावर सही करू नकोस. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, पण त्या बोलण्यातून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, ते पुढे सांगतो.

वकील लावायला पैसे नसतील तर उगाच व्याजाने काढू नका. शिवाजीनगर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, लोकअभिरक्षक कार्यालयाचे वकील फुकट केस चालवतात, आणि कस्टडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, तो कस्टडीत आहे एवढं पुरे. १५१०० ला फोन केला तरी माहिती मिळते. फुकटचा वकील म्हणजे कामचुकार असं लोक धरून चालतात, मला ते पटत नाही, त्या ऑफिसात रोज हेच काम चालतं आणि रिमांड कोर्टाची त्यांना चांगली सवय असते. खाजगी वकील लावलात तर फी कशाची आहे, फक्त जामिनाची का पूर्ण केसची, हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. आणि कोर्टाच्या आवारात कुणी येऊन म्हणाला की "साहेबांशी बोलणं झालंय, एवढे द्या, कलम कमी करून देतो", तर एक रुपया देऊ नका. सरकारी माणूसच मागत असेल तर लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४.

आता कलमं, आणि इथे घाई करू नका

१ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर जुना भादंवि, म्हणजे भारतीय दंड विधान लागतो, ३९२, ३९४, ३९५, ३९७ वगैरे. त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता, बीएनएस. खाली नवीन नंबर देतोय.

साधी चोरी ३०३, तीन वर्षांपर्यंत. मग नवीन आलेलं ३०४, हिसकावून नेणं, म्हणजे अचानक झडप घालून वस्तू ओढून पळणं, याला पण तीन वर्षांपर्यंत आणि दंड, पण हे अजामीनपात्र आहे. मग ३०९, जबरी चोरी. ही दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि सूर्यास्त ते सूर्योदयाच्या मध्ये हायवेवर केली तर चौदा वर्षांपर्यंत, सोलापूर रोड किंवा नगर रोडला रात्री ट्रक लुटल्याच्या केसमध्ये हे येतं. नुसता प्रयत्न असेल तरी सात वर्षांपर्यंत. लुटताना मारहाण करून दुखापत केली की ३०९(६), जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. पाच किंवा जास्त माणसं असली की तो दरोडा, ३१०, त्यालाही जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत, दरोड्यात खून झाला तर फाशीपर्यंत. दरोड्याच्या तयारीत धरलं तर दहा वर्षांपर्यंत, नुसतं त्यासाठी जमलेले असतील तर सात वर्षांपर्यंत. आणि सगळ्यात जड ३११, लुटताना प्राणघातक हत्यार वापरलं किंवा गंभीर दुखापत केली तर कमीत कमी सात वर्षं, इथे जजला सातच्या खाली येताच येत नाही.

पुण्याच्या एफआयआरमध्ये याच्या जोडीला हत्यार कायद्याचं ४(२५), महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७ सह १३५, आणि हवेत कोयते फिरवून दुकानं बंद करायला लावली असं असेल तर क्रिमिनल लॉ अमेंडमेंट ॲक्टचं कलम ७ असतं. ही लांब यादी बघून घरचे हबकतात. वकिलाबरोबर बसून त्यातलं मोठं कलम कुठलं ते ओळखा, बाकीची त्याच्या मागून येतात.

चोरी आणि जबरी चोरी यातला फरक काय, तर चोरी करण्यासाठी, करताना, किंवा चोरलेला माल घेऊन जाताना मारलं, अडवून ठेवलं, किंवा लगेच मारीन अशी भीती घातली, तर ती जबरी चोरी. मार किंवा धाक हा चोरीच्या कामासाठी पाहिजे. खिशातून पाकीट काढलं, लोकांनी धरलं, याने पाकीट टाकून दिलं आणि मग सुटण्यासाठी एकाला ढकललं, तर तो मार चोरीसाठी नाही, पळण्यासाठी आहे, आणि ३०९ चा पाया हलतो. तसंच गाडीवरून जाताना साखळी ओढली, कुणाला धमकी नाही, अडवणूक नाही, तर ते ३०४ मध्ये बसतं का हा मुद्दा घेता येतो. दहा वर्षांच्या कलमातून तीन वर्षांच्या कलमात येणं म्हणजे सगळी केसच बदलते, कारण सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक गरजेचीच का होती हे पोलिसांना कारणासकट दाखवावं लागतं, अर्नेश कुमारच्या २०१४ च्या निकालापासून हे चालत आलंय.

म्हणून फिर्याद वाचा. एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर मिळते, नाहीतर कोर्टातून नक्कल काढा. साधारण अशी भाषा असते: "सदर तीन अनोळखी इसमांपैकी एकाने फिर्यादीस कोयत्याचा धाक दाखवून, दुसऱ्याने फिर्यादीचे शर्टाचे खिशातील मोबाईल व ८०० रुपये जबरदस्तीने काढून घेतले व तिसरा मोटारसायकल चालू ठेवून उभा होता." आता यात बघा. कोयता एकाच्या हातात. खिशात हात दुसऱ्याचा. तिसरा गाडीवर. कमीत कमी सात वर्षांचं ३११ हे ज्याने हत्यार वापरलं त्यालाच लागतं, त्याच्याबरोबर होता म्हणून दुसऱ्याला लागत नाही, जुन्या ३९७ बद्दल सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये फूलकुमारच्या केसमध्ये आणि परत २०२१ मध्ये रामरतनच्या केसमध्ये हे सांगितलंय. पण त्याच फूलकुमारमध्ये हे पण आहे की हत्यार दिसेल असं हातात धरून घाबरवलं तरी तो वापरच झाला, वार करायलाच पाहिजे असं नाही, त्यामुळे "त्याने कुठं मारलं, नुसता दाखवला" हा बचाव कोयता धरणाऱ्याच्या कामाचा नाही. तिसरा, गाडीवर बसलेला, त्याला समान हेतूने ३०९ लागू शकतं, पण सात वर्षांची सक्ती त्याच्यासाठी नाही. तुमचा पोरगा या तिघांतला कोणता म्हणून दाखवलाय हे फिर्यादीत आहे का बघा. बऱ्याचदा नसतंच. नंतरच्या जबाबात, सात आठ दिवसांनी, अचानक येतं की कोयता याच्याच हातात होता, अशा वेळी पहिली फिर्याद आणि पुरवणी जबाब शेजारी शेजारी ठेवून वाचायचे आणि फरकाखाली पेन्सिलने रेघ मारायची, उलटतपासाची सुरुवात तिथूनच होते.

दरोड्यात माणसं मोजा. पकडलेले चार आणि "एक अनोळखी पळून गेला" असं लिहून पाच केलेत का? तो पाचवा कुठल्या साक्षीदाराने बघितला, त्याचं वर्णन काय, काहीच नसेल तर दरोडा टिकणं अवघड आहे. आणि ३०९(६) साठी दुखापतीचं मेडिकल बघा, ससूनचं असो का कुठल्या खाजगी दवाखान्याचं, तारीख आणि वेळ काय, जखम कशी, फिर्यादीत डोक्याला मार आणि सर्टिफिकेटमध्ये कोपराला खरचटलंय असं निघतं का.

रिमांडचा दिवस

मॅजिस्ट्रेट सहसा आरोपीला विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. पोरगा मान हलवतो, नाही म्हणतो, कारण ज्याने आणलंय तोच हवालदार हाताला धरून शेजारी उभा असतो आणि परत त्याच्याबरोबरच जायचंय. सगळं मिळून अर्धा मिनिट. मारलं असेल तर तेव्हाच सांगायचं, खुणा दाखवायच्या, आणि वकिलाने ते लिहून घ्यायला लावायचं आणि परत मेडिकल मागायचं. एकदा "तक्रार नाही" असं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, आलं की सहा महिन्यांनी सांगितलेल्याला वजन राहत नाही.

पोलीस कस्टडी जास्तीत जास्त १५ दिवस, पण नवीन कायद्यात ती एकदम न घेता तुकड्या तुकड्यांनी पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत घेता येते (कलम १८७). म्हणजे पोरगा येरवड्याला गेला म्हणून पीसीआर, म्हणजे पोलीस कस्टडी, संपला असं धरून चालू नका. पोलीस काय कारण देतात ते ऐका, हत्यार जप्त करायचंय, साथीदार शोधायचेत, मुद्देमाल मिळवायचाय. पहिल्या रिमांडला जे कारण दिलं तेच दुसऱ्याला दिलं तर आधीच्या दिवसांत काय केलं हे वकिलाने विचारलंच पाहिजे.

जामीन

३०९(४), म्हणजे दुखापत नसलेल्या साध्या जबरी चोरीत, मॅजिस्ट्रेट जामीन देऊ शकतात. ३०९(६) किंवा दरोडा लागला की जन्मठेपेचं कलम आलं, मग सहसा सेशनला जावं लागतं, तिथे नाही झालं तर हायकोर्ट, आणि पुण्याचं हायकोर्ट म्हणजे मुंबईच, कोल्हापूरच्या बेंचला पुणे जिल्हा नाही. अटकेची नुसती भीती असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली, पण जबरी चोरीत माल आणि हत्यार जप्त व्हायचं असतं म्हणून तो मिळणं कठीणच जातं, तयारी ठेवून जा.

जामिनासाठी कोर्ट काय बघतं? जुन्या केसेस आहेत का, ओळख परेड झाली का, काही जप्त झालंय का, पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का. त्याप्रमाणे कागद गोळा करा, कॉलेजचं बोनाफाईड, कंपनीचं पत्र, भाड्याचा करार, घरी आजारी आई असेल तर तिचे रिपोर्ट. जामीनदार आधीच शोधून ठेवा, ऑर्डर झाल्यावर शोधायला निघालात तर पोरगा आणखी आठवडाभर आत राहतो. जामीनदाराचं रेशनकार्ड, आधार, टॅक्स पावती किंवा सातबारा, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला लागतो. घाईत सोडवायचं असेल तर तात्पुरता रोख जामीन भरू द्या असा अर्ज करता येतो. आवारात भाड्याने जामीनदार मिळतात असं कुणी सांगेल, त्याच्या नादी लागू नका, खोटे कागद निघाले तर तुमच्यावरच नवीन गुन्हा.

चार्जशीटची तारीख मात्र घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ठरलेल्या मुदतीत पोलिसांनी चार्जशीट दिली नाही तर जामीन हा हक्क होतो, केस कितीही गंभीर असो. जन्मठेप होऊ शकते अशा कलमात मुदत ९० दिवस. नुसत्या ३०९(४) मध्ये दहा वर्षं ही वरची मर्यादा आहे, किमान शिक्षा नाही, आणि राकेश कुमार पॉलच्या २०१७ च्या निकालाने जुन्या कायद्यात अशा गुन्ह्याला ६० दिवस धरलेत. नवीन कायद्यात शब्द थोडे बदललेत म्हणून सरकारी वकील ९० चा आग्रह धरतील, तरी ६० दिवस झाले की लगेच अर्ज टाकायचा. पहिल्या रिमांडचा दिवस मोजायचा, हे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. अर्ज टाकायच्या आधी चार्जशीट आली की हक्क गेला, त्यामुळे वकील "उद्या बघू" म्हणाला तर त्याच दिवशी लकडा लावा.

बाहेर आल्यावर फिर्यादीच्या घरी जाऊ नका. माफी मागायला पण नाही, पैसे द्यायला तर नाहीच. जबरी चोरी आपसात मिटवता येणारा गुन्हा नाही, साध्या चोरीसारखी तडजोड इथे चालत नाही, आणि फिर्यादीने "घरी येऊन धमकावलं" एवढं सांगितलं की जामीन रद्द. काही बोलायचंच असेल तर दोन्हीकडच्या वकिलांमार्फत आणि हायकोर्टात एफआयआर रद्द करायच्या अर्जातच, आणि दरोड्यासारख्या गुन्ह्यात तडजोडीवर ते करत नाहीत, ग्यान सिंगच्या २०१२ च्या निकालात दरोड्याचं नाव घेऊन तसं म्हटलंय.

ओळख परेड आणि जप्ती

फिर्यादी म्हणतो अनोळखी होते, मग पोलिसांना कसं कळलं की हाच? उत्तर बहुतेक दोनच, कुणीतरी ओळखलं किंवा याच्याकडे काहीतरी सापडलं. बचावाचं खरं काम या दोन ठिकाणी आहे.

ओळख परेड येरवडा जेलमध्ये तहसीलदार किंवा नायब तहसीलदार घेतात, सारख्या वयाच्या, सारख्या बांध्याच्या लोकांत आरोपीला उभं करतात. त्याच्या आधी फिर्यादीने त्याला बघितलेलं नसावं, म्हणून तोंडावर बुरखा घालून नेतात. आता मोबाईलच्या काळात काय होतं, अटकेच्या दिवशीच फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर, बातमीत, कधी रस्त्यावरून चालवत नेल्याचा व्हिडिओ. असा कुठलाही फोटो किंवा व्हिडिओ दिसला तर स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा, लिंक लिहून ठेवा, चिडून तिथे कमेंट करत बसू नका. परेडच्या आधी चेहरा गावभर झाला असेल तर त्या परेडला अर्थ राहत नाही. आणि रात्री अकराला, लाइट बंद असलेल्या गल्लीत, तोंडाला रुमाल बांधलेला माणूस दोन मिनिटांत बघून दीड महिन्यांनी ओळखला, हे पटतं का ते जजला विचारायचं असतं.

जप्ती दोन तऱ्हेची. अंगझडतीत सापडलेलं, आणि "मी लपवलेला मोबाईल काढून देतो" असं निवेदन घेऊन मग पंचांसमोर काढून दिलेलं. दुसऱ्यात निवेदनाचा तेवढा भाग पुरावा होतो, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खाली. तर बघायचं की जागा कुणालाही जाता येण्यासारखी होती का, कोयता सार्वजनिक कचराकुंडीमागे सापडला तर तो याचाच कशावरून, पंच कोण आहेत, तेच पंच त्या ठाण्याच्या इतर केसमध्ये आहेत का, मोबाईलचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा वेगळा नंबर, पंचनाम्यात आणि बिलावर एकच आहे का. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आता बंधनकारक आहे (कलम १०५), ते चार्जशीटबरोबर मागा, नसेल तर का नाही हे विचारा.

चोरीचा माल चोरीनंतर लगेच कुणाकडे सापडला तर कोर्ट तोच चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारा असं धरू शकतं. त्यामुळे बिल नसलेला सेकंडहँड मोबाईल घेतलेली पोरं नाहक अडकतात. पैसे ऑनलाइन दिले असतील, चॅट असेल, तर ते सगळं काढून वकिलाला द्या. आणि पुढे घेणार असाल तर आधी संचार साथी पोर्टलवर आयएमईआय तपासा.

पोरगा त्या वेळी तिथे नव्हताच असं असेल तर ते सिद्ध करायचा भार तुमच्यावर येतो, नुसतं "घरी झोपला होता" पुरत नाही. कंपनीचं पंचिंग, हॉस्टेलचं रजिस्टर, चहाच्या टपरीवर केलेलं यूपीआय, कॅबची राइड, मोबाईलचं लोकेशन. टॉवर लोकेशन आणि सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, कोर्टामार्फत मागवता येतात (कलम ९४), लवकर अर्ज करा.

वय अठराच्या खाली असेल तर

मग सगळा रस्ताच वेगळा. त्याला लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवताच येत नाही, पुण्यात येरवड्याच्या बाल न्याय मंडळापुढे न्यायचं असतं, आणि जामीन देणं हा तिथे नियम आहे. वयासाठी शाळेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. दाखला घेऊन पहिल्या दिवशीच पोचा, कारण पोलिसांनी वय एकोणीस लिहिलं तर पोरगा मोठ्यांबरोबर आत जातो. सोळा ते अठरामधला असेल आणि ३११ लागलं असेल, तर किमान सात वर्षांचं कलम म्हणून मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून केस मोठ्यांसारखी चालवायला पाठवू शकतं. साधं ३०९ असेल तर तसं होत नाही, शिल्पा मित्तलच्या २०२० च्या निकालाने ते स्पष्ट झालंय. म्हणजे परत तेच, कोयता कुणाच्या हातात होता.

आणि मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा. पुण्यात टोळीच्या केसेसना हा लागतो आणि लागला की सगळं जड होतं, चार्जशीटला १८० दिवसांपर्यंत वेळ, अटकपूर्व जामीन नाही, साधा जामीनही निर्दोष वाटतो असं जजला वाटल्याशिवाय नाही, आणि डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा होतो. त्यासाठी मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त चार्जशीट लागतात, पण त्या टोळीवर, प्रत्येक माणसावर नाही, त्यामुळे पहिल्यांदाच सापडलेला पोरगा सुद्धा त्यात येऊ शकतो. अप्पर आयुक्तांची मंजुरी कुठल्या कागदांवर दिली ते वकिलाने तपासायचं. मोक्काच्या केसला मोक्का चालवलेलाच वकील बघा.

केस उभी राहिल्यावर

चार्जशीटची पूर्ण प्रत फुकट मिळते. पुरावाच नसेल तर दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालवायच्या आधीच केसमधून सोडा असा, अर्ज ६० दिवसांच्या आत टाकायचा, मॅजिस्ट्रेटकडे प्रती मिळाल्यापासून, सेशनला केस वर्ग झाल्यापासून. तारखा ई-कोर्ट ॲपवर केसचा सीएनआर नंबर टाकून दिसतात, एकही तारीख चुकवू नका, आजारी असाल तर वकिलामार्फत अर्ज द्या, नाहीतर वॉरंट निघतं आणि मग परत आत.

शिक्षा झालीच तर आत काढलेले दिवस वजा होतात. आरोपी एकवीसच्या आतला असेल आणि जन्मठेपेचं कलम नसेल तर प्रोबेशनच्या कायद्याचं (जेलऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायचं) कलम ६ वकिलाने जजपुढे ठेवलंच पाहिजे, पुष्कळदा कुणी तोंडच उघडत नाही. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशनला अपील ३० दिवसांत, सेशनच्या निकालावर हायकोर्टात ६० दिवसांत, आणि अपिलाबरोबरच शिक्षा स्थगितीचा अर्ज.

केस चालू असताना नोकरीच्या किंवा भरतीच्या फॉर्ममध्ये गुन्हा लपवू नका, लपवणं हेच काढून टाकायचं कारण होतं. पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी काढता येते. निर्दोष सुटला तर निकालाची सर्टिफाइड कॉपी काढून त्या पोलीस स्टेशनला अर्जासोबत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, नाहीतर दोन वर्षांनी चारित्र्य पडताळणीत केस "प्रलंबित" म्हणूनच दिसते आणि मग ती पोच शोधत बसावं लागतं.